साल्मोनेला संसर्गात एक्सबीपी-१ कापला जातो, पण चॉप वर येत नाही. याला ईआर स्ट्रेस म्हणायचं का?

कल्चरफ्लास्क (प्रश्न)

नमस्कार मंडळी. उंदराच्या रॉ २६४.७ मॅक्रोफेजमध्ये साल्मोनेला टायफीम्यूरियमचा संसर्ग करून पेशींचा ताण-प्रतिसाद मोजायचा आहे, विशेषतः ईआर स्ट्रेस, म्हणजे आंतर्द्रव्यजालिकेत न दुमडलेली प्रथिनं साठल्याचा ताण. पद्धत अशी:

स्ट्रेन एसएल१३४४. रात्रभरचं एलबी कल्चर सकाळी १:३३ पातळ करून ३७ अंशांवर साडेतीन तास हलवत वाढवलं. सहा वेलच्या प्लेटमध्ये वेलमागे १० लाख पेशी, एमओआय (पेशीमागे टाकलेले जिवाणू) १०. २०० जी ला ५ मिनिटं स्पिन, इनक्युबेटरमध्ये ३० मिनिटं, धुऊन जेंटामायसिन १०० मायक्रोग्रॅम/मिलि तासभर, पुढे २० मायक्रोग्रॅम/मिलि. सॅम्पल ०, १, २, ४ आणि ८ तासांना. पॉझिटिव्ह कंट्रोल थॅप्सिगार्जिन (ईआर स्ट्रेस मुद्दाम आणणारं औषध) १ मायक्रोमोलर, ४ तास.

दिसतंय ते असं. आरटी-पीसीआरमध्ये ४ तासांना एक्सबीपी-१ चा (याचा एमआरएनए आयआरई-१ हा ईआरमधला ताण-संवेदक कापतो) कापलेला बँड स्पष्ट आहे. वेस्टर्नमध्ये ईआयएफ२-अल्फाचं (प्रथिननिर्मिती सुरू करणाऱ्या घटकाचा भाग) सेरीन ५१ वरचं फॉस्फोरिलेशन १ आणि २ तासांना वाढतं, ४ तासांना उतरतं. पण चॉप (ईआर स्ट्रेसमध्ये वाढणारं, पेशीला मृत्यूकडे नेणारं प्रथिन) ८ तासांपर्यंत काही केल्या दिसत नाही. थॅप्सिगार्जिनच्या लेनमध्ये मात्र चॉप ठळक आहे, म्हणजे अँटिबॉडी चालते. बिपचा (ईआर स्ट्रेसमध्ये वाढणारं, प्रथिनं दुमडायला मदत करणारं प्रथिन) एमआरएनए जवळपास जागच्या जागी.

दोन शंका. 'साल्मोनेलामुळे मॅक्रोफेजमध्ये ईआर स्ट्रेस होतो' असं एवढ्यावर लिहिता येईल का? आणि एक्सबीपी-१ च्या जेलमध्ये दोन्ही बँडच्या वर एक तिसरा फिकट बँड येतो, तो काय आहे?

---

जालिका

एवढ्या पुराव्यावर 'ईआर स्ट्रेस' लिहू नका. 'आयआरई-१ सक्रिय झाला' आणि 'ईआयएफ२-अल्फाचं फॉस्फोरिलेशन तात्पुरतं वाढलं' अशी दोन स्वतंत्र वाक्यं लिहिता येतील. ही दोन्ही एकाच कारणाने घडली असं तुम्ही गृहीत धरलंय, गोम तिथेच आहे.

आधी ईआयएफ२-अल्फा घेऊ. त्याच्या सेरीन ५१ वर फॉस्फेट लावणारी कायनेज चार आहेत. आंतर्द्रव्यजालिकेत न दुमडलेली प्रथिनं साठली की पर्क, दुपदरी आरएनए आला की पीकेआर, अमिनो आम्लांचा तुटवडा पडला की जीसीएन२, आणि हीम कमी पडलं, आर्सेनाइटसारखा ऑक्सिडेटिव्ह ताण आला किंवा तंतुकणिका बिघडल्या की एचआरआय. चौघांचा शेवट एकच असतो: ईआयएफ२बी (ईआयएफ२ ला पुन्हा कामाला लावणारा घटक) अडतो, बहुतेक प्रथिनांची निर्मिती मंदावते आणि एटीएफ-४ (चॉप वर आणणारं प्रथिन) सारखी मोजकी प्रथिनं उलट जास्त बनतात. त्यामुळे फॉस्फो-बँड वाढला म्हणजे पर्क चालू झाला असा अर्थ निघत नाही. चारांपैकी कोणीतरी जागं झालं, इतकंच कळतं.

तुमच्या वेळापत्रकाकडे पाहता संशय जीसीएन२ वर जातो. गिरार्दिन यांच्या गटाने २०१२ मध्ये शिगेला आणि साल्मोनेलावर दाखवलं की जिवाणू आत शिरताना पटलाला इजा होते, त्यातून पेशीत अमिनो आम्लांची तीव्र उपासमार उद्भवते, जीसीएन२ चालू होतो आणि एमटॉर (अमिनो आम्लं पुरेशी असताना वाढीला चालना देणारं कायनेज) बंद पडतो. साल्मोनेलात ही अवस्था पहिल्या काही तासांपुरती असते, नंतर एमटॉर परत सुरू होतो. शिगेलात ती टिकून राहते. १-२ तासांना चढ आणि ४ तासांना उतार हा तुमचा आलेख त्याच्याशी जुळतो. तो प्रयोग मुख्यतः उपकला पेशींतला आहे, म्हणून मॅक्रोफेजमध्ये तपासून मगच म्हणा.

आता एक्सबीपी-१. मॅक्रोफेजच्या बाबतीत हा मार्कर फसवा आहे. मार्टिनॉन आणि ग्लिमचर यांच्या २०१० च्या कामात टीएलआर-२ आणि टीएलआर-४ (जिवाणूंचे घटक ओळखणारे ग्राहक) चेतवले की आयआरई-१ चालू होऊन एक्सबीपी-१ कापला जातो असं दिसलं. तिथे ईआर स्ट्रेसची नेहमीची बाकीची लक्षणं नव्हती. मॅक्रोफेज हा कापलेला एक्सबीपी-१ आयएल-६ आणि टीएनएफ बनवण्यासाठी वापरतो. साल्मोनेलाच्या बाहेरच्या पटलावर एलपीएस (टीएलआर-४ ला चेतवणारा रेणू) ठासून भरलेलं असतं. मेलेला जिवाणू टाकलात तरी तो बँड येण्याची दाट शक्यता आहे. बिप हलला नाही, हेही त्याच बाजूला झुकतं.

आणि चॉप का नाही, याचं एक उत्तर टीएलआरमध्येच आहे. टबास यांच्या गटाने २००९ आणि २०१२ मध्ये दाखवलं की टीएलआर-३ किंवा ४ चेतवलं की ट्रिफमार्गे (टीएलआरचा संदेश पुढे नेणारं प्रथिन) पीपी२ए हा फॉस्फेटेज ईआयएफ२बी च्या एप्सिलॉन घटकावरचं फॉस्फेट काढतो. मग ईआयएफ२-अल्फावर फॉस्फेट असूनही ईआयएफ२बी काम करत राहतो, आणि एटीएफ-४ व चॉप वर येत नाहीत. मॅक्रोफेजच्या दृष्टीने ते सोयीचं आहे: सायटोकाइन बनवायचे तर प्रथिननिर्मिती थांबवून चालत नाही, आणि चॉप वाढला तर पेशीच मरते.

हे दोन्ही एका फटक्यात तपासायला सहा गट लावा:

१. मॉक (जिवाणू न घातलेला)
२. उष्णतेने मारलेले जिवाणू, तेवढ्याच एमओआयने
३. जिवंत जिवाणू
४. फक्त थॅप्सिगार्जिन
५. मारलेले जिवाणू + थॅप्सिगार्जिन
६. जिवंत जिवाणू + थॅप्सिगार्जिन

२ मध्ये एक्सबीपी-१ कापला गेला तर तो टीएलआरचा. ५ मध्ये चॉप ४ पेक्षा कमी आला तर दाबणारा टीएलआर. ५ मध्ये चॉप ठीक पण ६ मध्ये कमी, तर जिवंत जिवाणू स्वतः काहीतरी करतोय आणि तुमची गोष्ट खरी तिथून सुरू होते. थॅप्सिगार्जिन जिवाणूंच्या सोबत न टाकता २ तासांनी टाका, दडपणाला वेळ मिळतो.

मारण्यासाठी ६५ अंशांवर १ तास पुरतो. नंतर १०० मायक्रोलिटर न विसरता प्लेटवर पसरा. अर्धमेल्या कल्चरने हा कंट्रोल निकामी होतो. सोबत शुद्ध केलेलं एलपीएस १०० नॅनोग्रॅम/मिलि आणि टीएलआर-४ चा इन्हिबिटर टाक-२४२ १ मायक्रोमोलर असे दोन वेल जोडले तर आणखी बरं. साधं एलपीएस नको, त्यात लिपोप्रोटीनची भेसळ असते आणि टीएलआर-२ पण पेटतो.

---

ब्लॉटघर

वरचं पटलं. माझं म्हणणं जेल आणि ब्लॉटपुरतं.

तिसरा बँड म्हणजे हेटरोडुप्लेक्स. पीसीआरच्या शेवटच्या फेऱ्यांत प्रायमर संपत आले की कापलेल्याचा एक धागा आणि न कापलेल्याचा एक धागा एकमेकांना चिकटतात. मधले २६ न्यूक्लिओटाइड फुगा होऊन बाहेर राहतात आणि हा रेणू जेलमध्ये हळू पळतो, म्हणून दोघांच्याही वर दिसतो. तो कापलेल्यात धरू नका, न कापलेल्यातही धरू नका. फेऱ्या कमी केल्या की फिका पडतो. आधी २४, २६, २८, ३० अशा फेऱ्या लावून बँडची तीव्रता सरळ रेषेत कुठवर वाढते ते पाहा, आणि त्याच्या आत राहा.

२६ बेसचा फरक १.५ टक्के अॅगरोजवर सुटत नाही. ३ टक्के घ्या, हळू चालवा. दुसरा मार्ग पीएसटी-१ या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमचा: त्याची जागा कापून टाकलेल्या २६ बेसच्या तुकड्यातच आहे, त्यामुळे न कापलेला पीसीआर पदार्थ दोन तुकड्यांत तुटतो आणि कापलेला अखंड राहतो. हेटरोडुप्लेक्समध्ये ती जागा एकेरी फुग्यात असते म्हणून तो तुटत नाही, आणि बेसावध राहिलात तर 'अखंड म्हणजे कापलेला' अशी चुकीची नोंद होते. आकडे द्यायचे असतील तर जोडावर बसणाऱ्या प्रायमरने क्यूपीसीआर करा आणि कापलेला भागिले एकूण एक्सबीपी-१ असं द्या. नुसता कापलेला दिलात तर फसाल, कारण एलपीएसने एकूण एक्सबीपी-१ सुद्धा वाढू शकतो.

क्यूपीसीआरचा संदर्भ जनुक काय घेतला आहे? एलपीएस मिळालेल्या मॅक्रोफेजमध्ये ग्लायकोलिसिस वाढतं, जीएपीडीएच स्थिर राहील याचा भरवसा नाही. बी२एम तर इंटरफेरॉनने वाढतो. एचपीआरटी किंवा टीबीपी घ्या आणि मॉक व संसर्ग यांत त्याचा सीटी (सिग्नल दिसू लागण्याची फेरी) सरकत नाही ना ते तपासा. शिवाय ८ तासांच्या सॅम्पलमधल्या एकूण आरएनएत जिवाणूंचा आरएनए मिसळलेला असतो. सगळीकडे १ मायक्रोग्रॅम घेतला तरी त्यात पेशीचा वाटा सारखा नसतो. सीडीएनए ऑलिगो-डीटीने बनवला तर हा गोंधळ बराच कमी होतो.

वेस्टर्न. फॉस्फो-ईआयएफ२-अल्फा हा नाजूक बँड आहे, गोळा करायला उशीर झाला की आकडा बदलतो. रॉ पेशी खरवडून, स्पिन करून, मग आरामात लायसिस बफर, हे नको. मीडियम काढा, बर्फगार पीबीएसने एकदा धुवा आणि लगेच प्लेटमध्येच गरम १ टक्का एसडीएस बफर ओता. सगळी एन्झाइम जागीच थांबतात. डीएनएमुळे लायसेट चिकट होतं, ते २६ गेजच्या सुईतून काही वेळा ओढा किंवा थोडं सोनिकेट करा. ९५ अंशांवर १० मिनिटं उकळल्याशिवाय ट्यूब बीएसएल-२ कॅबिनेटच्या बाहेर काढू नका, आत जिवंत साल्मोनेला आहे. बीसीए (प्रथिनाची मोजणी) करायचं असेल तर डीटीटी आणि रंग त्यानंतर टाका. एसडीएस बीसीएला चालतं, डीटीटी चालत नाही.

रिपा हे लायसिस बफर वापरायचंच असेल तर सोडियम फ्लोराइड ५० मिलिमोलर आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट १० मिलिमोलर हवंच. नुसत्या व्हॅनाडेटवर विसंबू नका, तो टायरोसीनच्या फॉस्फेटेजना अडवतो आणि इथे सेरीन आहे. ब्लॉकिंग ५ टक्के बीएसए टीबीएसटीमध्ये. दुधातलं केसिन स्वतःच फॉस्फोप्रथिन, पार्श्वभूमी वाढवतं.

एकूण ईआयएफ२-अल्फा त्याच लायसेटच्या समांतर जेलवर पाहा. स्ट्रिप करून पुन्हा तोच पडदा वापरला की दोन्ही बँड ३६ ते ३८ किलोडाल्टनला एकावर एक येतात, आणि पहिली अँटिबॉडी पूर्ण निघाली का हे सांगता येत नाही. अँटिबॉडीवरच शंका असेल तर इन्हिबिटर न घातलेलं एक लायसेट लॅम्डा फॉस्फेटेजने ३० अंशांवर ३० मिनिटं ठेवा, १ मिलिमोलर मँगनीजसह. बँड नाहीसा व्हायला हवा.

आणि नुसत्या चॉपवर थांबू नका. एटीएफ-४ चं प्रथिन पाहा, साधारण ५० किलोडाल्टनला. त्याचा एमआरएनए पाहून फारसं हाती लागत नाही, कारण एटीएफ-४ चं नियंत्रण मुख्यतः भाषांतराच्या पायरीवर, वरच्या छोट्या ओआरएफमुळे होतं. प्रथिनाचं आयुष्य तासाभराच्याही आत असतं म्हणून पुष्कळजण एमजी-१३२ टाकून साठवतात. इथे तसं करू नका, प्रोटिआझोम अडवणं हाच एक ताण आहे आणि एटीएफ-४ त्यानेच वर येतो.

---

आगरप्लेट

पेशीच्या बाजूने सगळे बोलले, जिवाणूची बाजू राहिली. माझ्या मते या प्रयोगातला सगळ्यात मोठा गोंधळ पहिल्या दोन ओळींत आहे.

१:३३ पातळ करून साडेतीन तास वाढवणं ही हेला पेशींसाठीची कृती. त्या अवस्थेत एसपीआय-१ ची सुई-यंत्रणा (जिवाणूची प्रथिनं पेशीत टोचणारी) पुरेपूर चालू असते, कारण उपकला पेशींत जबरदस्तीने घुसायचं असतं. मॅक्रोफेजमध्ये तसे जिवाणू टाकले की फ्लॅजेलिन आणि सुईचे भाग पेशीद्रव्यात पोचतात, एनएलआरसी-४ ते ओळखतो, कॅस्पेस-१ चालू होतं आणि पेशी तासा-दोन तासांत फुटायला लागतात. रॉ पेशींत एएससी (संवेदक आणि कॅस्पेस-१ यांना जोडणारं प्रथिन) नाही हे खरं, म्हणून एनएलआरपी-३ ची वाट बंद आहे. पण एनएलआरसी-४ कॅस्पेस-१ ला एएससीशिवायही धरू शकतो, त्यामुळे पायरोप्टोसिस (असं फुटून मरणं) टळतो असं समजू नका.

मग १-२ तासांचा तुमचा फॉस्फो-बँड कोणाचा? जगलेल्या पेशींचा की फुटत असलेल्यांचा? पटल फुटणाऱ्या पेशीत अमिनो आम्लं आणि पोटॅशियम दोन्ही गळतात. एलडीएच (फुटलेल्या पेशीतून बाहेर गळणारं एन्झाइम) मोजा, तोही प्रत्येक वेळेला. १०० टक्क्यांसाठी १ टक्का ट्रायटनने फोडलेला वेल ठेवा. २ तासांना एलडीएच १५ टक्क्यांच्या वर असेल तर त्या लायसेटवरून 'संसर्गित मॅक्रोफेजचा प्रतिसाद' असं लिहिणं मला पटणार नाही.

मॅक्रोफेजसाठी कल्चर रात्रभर वाढवलेलं, स्थिर अवस्थेतलंच घ्या. त्यात एसपीआय-१ मंद असतं. जिवाणू १० टक्के उंदराच्या सीरममध्ये ३७ अंशांवर २० ते ३० मिनिटं ऑप्सनाइझ करा, म्हणजे पेशी त्यांना नेहमीच्या पद्धतीने गिळतील. सीरम सगळ्या गटांना सारखं द्या, मॉकलाही.

सोबत दोन म्युटंट: इनव्हीए नसलेला, ज्याची एसपीआय-१ सुई बनत नाही, आणि एसएसएव्ही नसलेला, ज्याची एसपीआय-२ बनत नाही. फॉस्फो-बँड इनव्हीए म्युटंटमध्ये गेला तर तो शिरतानाच्या इजेचा. एसएसएव्हीमध्ये बदलला तर रिक्तिकेत बसल्यावर जिवाणू जे इफेक्टर सोडतो त्यांचा. १-२ तासांचा बदल एसपीआय-२ वर ढकलायला मी धजणार नाही, ती यंत्रणा आत गेल्यावर पेट घ्यायला वेळ घेते.

एसएल१३४४ बद्दल एक गोष्ट सहसा कोणी लिहीत नाही. तो हिस्टिडिनसाठी परावलंबी आहे, स्वतः बनवू शकत नाही. संशय अमिनो आम्लांच्या उपासमारीवर आणि जीसीएन२ वर असेल तर हिस्टिडिनवर जगणारा स्ट्रेन वापरणं म्हणजे नसती शंका ओढवून घेणं. किमान मुख्य प्रयोग १४०२८एस या स्ट्रेनमध्ये पुन्हा करा.

एमओआयचंही पाहा. गणिताने एमओआय १ ला ३७ टक्के पेशी कोऱ्या राहतात, ३ ला ५ टक्के, १० ला जवळपास एकही नाही. प्रत्यक्षात टाकलेल्या जिवाणूंपैकी थोडेच आत जातात. जीएफपीवाला स्ट्रेन घेऊन फ्लोवर किती टक्के पेशी हिरव्या आहेत ते मोजा. ३० टक्के हिरव्या असतील तर तुमचं लायसेट म्हणजे ७० टक्के शेजारी. त्या शेजाऱ्यांना एलपीएस मिळालेलंच असतं, म्हणून एक्सबीपी-१ कापला जाईल, आणि तुम्हाला वाटेल संसर्गाने झालं. टाकलेली मात्रा दरवेळी प्लेट करून सांगा, ओडीवरून (कल्चरच्या गढूळपणावरून) काढलेला एमओआय हा अंदाज असतो.

मॉकला स्पिन, धुणं, मीडियम बदल आणि जेंटामायसिन हे चारही दिलं आहे ना? जुना मीडियम काढून ताजा घातला की अमिनो आम्लं आणि सीरम परत मिळून एमटॉर उसळतो. मॉकला हे नसेल तर फरक मीडियमचा निघेल. सगळ्या वेलचं मीडियम संसर्गाच्या दोन तास आधी बदलून ठेवा.

---

कल्चरफ्लास्क

सर्वांचे आभार. थोडी माहिती: ० तास म्हणजे जेंटामायसिन टाकल्याची वेळ. मॉकला स्पिन आणि जेंटामायसिन दोन्ही आहे. ब्लॉकिंग बीएसएमध्येच. १४०२८एस शेजारच्या लॅबमध्ये आहे. एलडीएच आणि सहा गटांची मांडणी लावतोय.

कायनेज ओळखायला पर्कचा इन्हिबिटर जीएसके२६०६४१४, जीसीएन२ साठी जीसीएन२आयबी आणि पीकेआरसाठी सी१६ मागवायचा विचार आहे. यांवर निष्कर्ष काढता येईल का?

---

सेरीन५१

एकट्या इन्हिबिटरवर नाही. तिघांचीही खोड वेगळी आहे.

जीएसके२६०६४१४ पर्कला छान अडवतो, पण आरआयपीके-१ आणि किट यांनाही अडवतो. संसर्गाच्या प्रयोगात आरआयपीके-१ बंद होणं परवडत नाही, कारण टीएनएफ आणि पेशीमृत्यू दोन्ही त्याच्याशी बांधलेले. औषध टाकल्यावर पेशी जास्त जगल्या तर श्रेय पर्कला द्यायचं की आरआयपीके-१ ला? जीसीएन२आयबी कमी मात्रेत जीसीएन२ ला उलट चालू करतो. सी१६ आणि जास्त मात्रेतले पर्क इन्हिबिटर यांनीही जीसीएन२ चालू झाल्याचं दाखवलं गेलंय. म्हणजे चुकीच्या मात्रेला इन्हिबिटर टाकला की फॉस्फो-बँड वाढतो, आणि माणूस 'हे कायनेज नव्हतं' असं लिहून मोकळा होतो.

वापरायचेच असतील तर प्रत्येकाची मात्रा आधी त्याच्या स्वतःच्या चालकावर ठरवा. पर्कसाठी थॅप्सिगार्जिन: पर्कचा बँड जेलमध्ये वर सरकतो, ज्या सर्वात कमी मात्रेत ते सरकणं थांबतं ती घ्या. जीसीएन२ साठी हॅलोफ्युजिनोन १०० नॅनोमोलर किंवा हिस्टिडिनॉल २ मिलिमोलर, तास-दोन तास. एचआरआयसाठी सोडियम आर्सेनाइट ०.५ मिलिमोलर, ३० ते ६० मिनिटं. पीकेआरसाठी पॉली आयसी (कृत्रिम दुपदरी आरएनए) पेशीत ट्रान्सफेक्ट करून. नुसती मीडियममध्ये टाकली तर टीएलआर-३ पेटतो आणि ट्रिफची वरची भानगड पुन्हा सुरू होते. प्रत्येक इन्हिबिटरचा 'संसर्ग नाही, फक्त औषध' हा वेल ठेवा. औषधाने जिवाणूची वाढ मंदावते का तेही एलबीत आणि सीएफयूवर (प्लेटवरच्या वसाहती मोजून) पाहा, नाहीतर जिवाणू कमी झाल्यामुळे ताण कमी झाला असं निघायचं.

थेट पुरावा फॉस्फो-अँटिबॉडींचा. जीसीएन२ ची जागा माणसात थ्रिओनिन ८९९, उंदरात ८९८, बहुतेक अँटिबॉडी दोन्हीत चालतात. पीकेआरची गंमत वेगळी: थ्रिओनिन ४४६ ची अँटिबॉडी माणसासाठी बनवलेली असते, उंदराच्या पीकेआरवर ती बहुधा चालत नाही आणि बँड न दिसणं हा पुरावा ठरत नाही. एचआरआयसाठी भरवशाची फॉस्फो-अँटिबॉडी मिळणं कठीण, तिथे जनुकच काढावं लागतं. पर्कचा फॉस्फो-बँड हवा असेल तर फॉस-टॅग जेल (यात फॉस्फेट असलेलं प्रथिन हळू पळतं) चांगलं: फॉस-टॅग ५० मायक्रोमोलर, मँगनीज क्लोराइड १०० मायक्रोमोलर. सॅम्पलमध्ये ईडीटीए नको, आणि ट्रान्सफरच्या आधी जेल ईडीटीए घातलेल्या बफरमध्ये १० मिनिटं भिजवा, नाहीतर प्रथिन जेलमधून निघतच नाही.

खरा निकाल जनुक काढलेल्या पेशींचा. रॉमध्ये प्लाझ्मिड ट्रान्सफेक्ट केला की पेशीद्रव्यातल्या डीएनएला सी-गॅस ओळखतो आणि इंटरफेरॉन सुरू होतं, म्हणून आरएनपी (कॅस-९ प्रथिन आणि गाइड आरएनएची जोडी) इलेक्ट्रोपोरेशन करा आणि क्लोन बनल्यावर पंधरा दिवस शांत वाढू द्या. लेंटिव्हायरसने एसएचआरएनए लाइन बनवणार असाल तर त्यात प्युरोमायसिन-रोधक जनुक असतो हे लक्षात ठेवा, कारण प्रथिननिर्मिती मोजण्याची सोपी पद्धत प्युरोमायसिनवरच चालते: १० मायक्रोग्रॅम/मिलि, १० मिनिटं, मग अँटी-प्युरोमायसिन ब्लॉट. रोधक लाइनमध्ये पट्टा कोरा येतो आणि माणूस म्हणतो भाषांतर बंद पडलं. त्या लाइनसाठी ब्लास्टिसिडिनचा व्हेक्टर घ्या.

प्युरोमायसिनचा पट्टा तसाही कराच. फॉस्फो-ईआयएफ२-अल्फा वाढला तरी निर्मिती खरोखर घटली का, हे त्याशिवाय कळत नाही. सायक्लोहेक्सिमाइड १०० मायक्रोग्रॅम/मिलि हा कंट्रोल. प्युरोमायसिन जिवाणूच्या रायबोसोमवरही काम करतं, तेव्हा 'फक्त जिवाणू' अशी एक लेन हवी.

चॉप नसण्याची तिसरी शक्यता वर कोणी लिहिली नाही. चॉपचा एमआरएनए वाढलाय आणि प्रथिन बनत नाहीये असंही असू शकतं. लेजिओनेलात हे ठळक दिसतं: त्याचे एलजीटी-१, २, ३ हे इफेक्टर ईईएफ१ए ला ग्लुकोज चिकटवून साखळी लांबवण्याचं कामच थांबवतात. साल्मोनेलात तेच होतं असं मी म्हणत नाही, पण चॉप आणि एटीएफ-४ ने चालू होणारे ट्रिब-३ व एएसएनएस यांचा एमआरएनए बघितल्याशिवाय टीएलआरचं दडपण नक्की म्हणू नका. एमआरएनएही वाढला नाही तर जालिका म्हणतात ते खरं.

---

जालिका

मान्य, एमआरएनए आधी. एक भर: ईसरिब २०० नॅनोमोलर लावणार असाल तर फॉस्फो-बँड कमी होण्याची वाट पाहू नका. तो ईआयएफ२बी ला धरतो, फॉस्फेट जिथल्या तिथे राहतं आणि फक्त एटीएफ-४ खाली येतो. टीएलआरमुळे ईआयएफ२बी आधीच मोकळा असेल तर ईसरिबने काही फरक दिसणारही नाही, आणि ते न दिसणं इथे उपयोगाचं आहे. थॅप्सिगार्जिनच्या वेलमध्ये ईसरिब चालतो हे मात्र दाखवा.

आयआरई-१ अडवायला ४मू८सी घेणार असाल तर तो कूमारिन वर्गातला आहे, निळ्या चॅनलमध्ये स्वतः चमकतो. डॅपीच्या शेजारी मोजमाप करू नका.

---

ब्लॉटघर

आगरप्लेट यांनी जीएफपी सुचवलं त्यावर. हिरव्या आणि बिनहिरव्या पेशी सॉर्ट करून ब्लॉट करण्याचा मोह होईल. फॉस्फो-ईआयएफ२-अल्फासाठी करू नका. पेशी खरवडणं, थंड बफर, सॉर्टरचा दाब आणि तासभर रांग, एवढ्यात फॉस्फोरिलेशन बदललेलं असतं. शिवाय जिवंत साल्मोनेला सॉर्टरवर न्यायला बायोसेफ्टीची वेगळी परवानगी लागेल.

त्याऐवजी कव्हरस्लिपवर संसर्ग करा, ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडने १५ मिनिटं फिक्स करा, ०.२ टक्के ट्रायटनने १० मिनिटं मोकळं करा आणि केंद्रकातला एटीएफ-४ पेशीगणिक मोजा. त्याच पेशीत जीएफपी आहे की नाही ते शेजारी दिसतंच. इजेचा प्रश्न सोडवायला गॅलेक्टिन-८ चे ठिपके दुसऱ्या रंगात घ्या, फुटलेली रिक्तिका तिथे उजळते. ठिपका असलेल्या पेशी, जिवाणू आहे पण ठिपका नाही अशा पेशी, आणि दोन्ही नसलेल्या शेजारी पेशी असे तीन ढीग करा. प्रत्येकी किमान १०० पेशी, स्लाइडची नावं झाकून. थॅप्सिगार्जिनची कव्हरस्लिप त्याच दिवशी, त्याच एक्सपोजरला.